माणसं तेवढीच, चुली वाढत्या

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १२,३६,७३६ होती. २०११ मध्ये ती १३,००,७७४ झाली. दहा वर्षांत भर पडली ६४,०३८ माणसांची, म्हणजे ५.१८ टक्के. त्याच दशकात महाराष्ट्र १५.९९ टक्क्यांनी वाढला. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत सर्वांत मंद वाढ वर्ध्याची, भंडारा ५.६५ टक्क्यांवर, म्हणजे किंचित पुढे. ही संथ चाल जुनीही नाही. १९९१ ते २००१ या दशकात हाच जिल्हा १५.८७ टक्क्यांनी वाढला होता. एका दशकात वेग एक तृतीयांशावर आला.

लोकसंख्या म्हटलं की आपल्याकडे अजूनही ‘स्फोट’ हाच शब्द पुढे येतो. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निवडणूक लढवायची तर १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नसावं, ही अट राज्यात लागू आहे. तशीच अट आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकली; तिथल्या सरकारला आता उलटी काळजी लागली आहे. वर्ध्याने काळजी करावी का, याचं उत्तर एकूण आकड्यात सापडत नाही. त्यासाठी घरात शिरावं लागतं.

आधी वाढ मंदावण्याची कारणं. ती दोन आहेत आणि एकमेकांत मिसळलेली आहेत. पहिलं, मुलं कमी होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला. एक पिढी गेल्यावर तेवढीच दुसरी उभी राहायची तर हा दर साधारण २.१ लागतो. १.७ असूनही राज्याची लोकसंख्या लगेच घटत नाही, कारण पूर्वीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. ती पिढी पुढे सरकली की उतार सुरू होतो. दुसरं कारण, तरुण बाहेर जातात. शिक्षणासाठी नागपूर, नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबई. वर्ध्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात, जिथे २०११ मध्ये दोन तृतीयांश लोक खेड्यात राहत होते आणि साक्षरता ८७ टक्क्यांच्या आसपास होती, शिकलेल्या मुलाने वावरात थांबावं असं त्याच्या आईबापालाही वाटत नाही. त्यात चूक काही नाही. पण जाणारा माणूस एकटा जात नाही. त्याची पुढे होणारी मुलंही त्याच्याबरोबर जातात. स्थलांतराने माणसं दोनदा कमी होतात, ती अशी.

आता घराकडे. जनगणनेत ‘कुटुंब’ म्हणजे नातेवाइकांची यादी नव्हे. जे एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. आपल्या भाषेत, एक चूल. भाऊ एकाच वाड्यात असले तरी चुली वेगळ्या असतील तर जनगणनेला ती दोन कुटुंबं दिसतात. या हिशेबाने २००१ मध्ये महाराष्ट्रात १,९०,६३,१४९ कुटुंबं होती, २०११ मध्ये २,३८,३०,५८०. माणसं १६ टक्क्यांनी वाढली आणि चुली २५ टक्क्यांनी. एका चुलीमागे सरासरी पाचाहून थोडी जास्त माणसं होती, ती ४.७ वर आली. देशातही तेच झालं: कुटुंबं १९.२ कोटींवरून २४.७ कोटींवर.

याचा अर्थ वर्ध्यापुरता समजून घ्यायला साधं गणित करू. जिल्ह्यात १३ लाख माणसं आहेत. एका चुलीवर पाच जण जेवत असतील तर २ लाख ६० हजार चुली होतात. चार जण जेवत असतील तर ३ लाख २५ हजार. एकही माणूस वाढला नाही तरी ६५ हजार चुली वाढल्या. गंमत अशी की हा आकडा जिल्ह्यात २००१ ते २०११ या दहा वर्षांत वाढलेल्या माणसांहून मोठा आहे. नळजोडण्या, वीजमीटर, गॅस, शिधापत्रिका, घरपट्टी हे सगळं चुलीमागे लागतं. म्हणून लोकसंख्या थांबल्यासारखी दिसली तरी गाव वाढतच राहतं.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. घर लहान झालं म्हणजे त्यात नेमकं कोण उरलं? लहान घर तीन तऱ्हांचं असतं. आई, बाप आणि दोन मुलं हे एक. शहरात खोली करून राहणारे तरुण हे दुसरं. तिसरं म्हणजे मागे राहिलेलं घर: म्हातारा-म्हातारी, किंवा दोघांतलं एकच, किंवा आजी आणि शाळेत जाणारा नातू. सरासरी काढताना तिन्ही सारखीच मोजली जातात. पुलगावच्या नव्या वस्तीतलं चौघांचं घर आणि आष्टी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातलं दोघांचं घर यांच्या गरजांत मात्र काहीही साम्य नाही.

२०११ मध्ये साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण देशात ८.६ टक्के होतं आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के. ज्या जिल्ह्यात जन्म कमी आणि तरुण बाहेर, तिथे हे प्रमाण दोन्ही बाजूंनी चढतं. म्हातारी माणसं जास्त जगतात हे एक. शिवाय भागाकारातला तरुणांचा हिस्साच गळतो. त्यात बायका अधिक. बायको नवऱ्याहून वयाने लहान असते आणि सरासरीने जास्त जगते, म्हणून शेवटची काही वर्षं एकटीने काढणारी व्यक्ती बहुधा बाईच असते. तिच्या नावावर शेत क्वचित, पेन्शन त्याहून क्वचित. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळत असतील तर तेवढेच हक्काचे.

आपली आरोग्यव्यवस्था मात्र डोकी मोजून उभी आहे. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, १,००० मागे एक आशा. डोकी वाढली नाहीत तर नवं काही मिळत नाही. (मतदारसंघांचंही तेच. विदर्भातल्या विधानसभेच्या जागा गेल्या पुनर्रचनेत ६६ वरून ६२ वर आल्या; संथ वाढणाऱ्याचा वाटा घटतो.) पण हजार माणसांची दोन गावं सारखी नसतात. एकात पासष्टीपुढचे साठ असतील, दुसऱ्यात एकशेवीस. दोन्हीकडे आशाताई एकच आणि तिचं कामाचं कोष्टकही एकच.

त्या कोष्टकात आई आणि बाळ मध्यभागी आहेत, आणि ते योग्यच होतं. माता-बालमृत्यू खाली आले त्यात या बायकांच्या पायपिटीचा वाटा मोठा आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा जायचं, हे ठरलेलं आहे. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. अंथरुणाला खिळलेल्या ७८ वर्षांच्या आजीकडे कोणत्या दिवशी जायचं, याचं असं नेमकं वेळापत्रक नाही.

काहीच नाही असंही म्हणता येणार नाही. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो अर्ज आशा भरते, त्यात ज्येष्ठांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामांना मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का. प्रश्न अचूक आहेत. फक्त त्यांच्यापुढे एक प्रश्न हवा होता: मदत लागते म्हणता, ती करायला घरात कोण आहे?

हा एक प्रश्न किती फरक पाडतो ते रक्तदाबाच्या उदाहरणात दिसतं. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम देशात सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत वर्धा होता. बाकीचे भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग. ठरावीक गोळ्या, महिन्याचा साठा एकदम, प्रत्येक रुग्णाची नोंद, अशी त्याची सुटसुटीत रचना. अशा उपक्रमांत खरी गळती निदानाच्या वेळी होत नाही. पुढच्या महिन्यात रुग्ण गोळ्या न्यायला येत नाही, तिथे ती होते. न येण्याला आळस हे एक कारण झालं. गुडघे दुखतात, बसचा थांबा दूर आहे आणि दुचाकीवर बसवून नेणारा मुलगा हिंजवडीला आहे, हे दुसरं. पहिल्याला समजावून सांगावं लागतं. दुसऱ्याला कितीही समजावलं तरी उपयोग नाही, त्याच्या घरी गोळ्या पोचवाव्या लागतात. नोंदवहीत दोघांपुढे ‘गैरहजर’ एवढंच लिहिलेलं असतं.

मोतीबिंदूचं तसंच. शस्त्रक्रिया मोफत असते, दवाखाना जवळ असतो. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, हे भाग्य राज्यातल्या फार थोड्या ग्रामीण जिल्ह्यांना लाभलं आहे. पण भरती होताना पहिला प्रश्न येतो, ‘सोबत कोण आहे?’ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं संरक्षण आहे. ते रुग्णालयाचं बिल भरतं. सोबतीचा माणूस देत नाही. घरी आल्यावर डोळ्यांत वेळेवर थेंब घालणारा हातही देत नाही.

यावर मोठी इमारत बांधणं हा उपाय नव्हे. केरळने २००८ मध्ये उपशामक काळजीचं धोरण केलं आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या परिचारिकांचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिलं. तो नमुना जसाच्या तसा इथे उचलता येणार नाही. केरळच्या पंचायतींकडे पैसा आणि अधिकार दोन्ही जास्त आहेत. पण वर्ध्याकडे स्वतःचा एक धागा आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं नेमून दिली जातात. डॉक्टर होणाऱ्याने रोग शिकण्याआधी घर ओळखावं, ही कल्पना. गावाचं एकक माणूस नसून घर आहे, हे इथे पन्नास वर्षांपूर्वीच मान्य झालेलं आहे. आरोग्य खात्याच्या नोंदींत ते उतरलं तर आशाच्या कुटुंब नोंदवहीत प्रत्येक घरापुढे एक खूण पुरेल: एकटे ज्येष्ठ, दोघेच ज्येष्ठ, ज्येष्ठ आणि लहान मूल. त्या खुणेच्या घरी महिन्यातून एक ठरलेली भेट, गोळ्या घरपोच, आणि त्या भेटीचं मानधन. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. मानधनाशिवाय आणखी एक काम आशाच्या पदरात टाकायचं असेल तर हा विषय न काढलेलाच बरा.

१६ वर्षांनी होणारी जनगणना आता दारात आहे. घरयादीचं काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, प्रत्येक राज्याने ठरवलेल्या तीस दिवसांत होतं. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. घरयादीत घरात नेहमी राहणारी माणसं किती, विवाहित जोडपी किती, हे विचारतात. वय दुसऱ्या टप्प्यात येतं. वर्ध्यातल्या पुष्कळ घरांत आईवडील पुण्याच्या मुलाचं नावही अभिमानाने सांगतील. प्रगणकाने ते लिहू नये आणि आपणही आग्रह धरू नये. मुलगा जिथे राहतो तिथे मोजला जाईल. इथल्या कागदावर दोनच माणसं राहणार असतील तर दोनच लिहिलेली बरी, कारण त्या घराला काय लागेल ते त्या दोनवरूनच ठरणार आहे.