रोपं मिळतील, टॅपर कुठून आणायचा?

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
रबर बोर्ड, कोट्टायम



दोडामार्ग तालुक्याला रबर आता नवं नाही. केरळहून आलेल्या बागायतदारांनी ते इथल्या डोंगरउतारांवर लावलं. त्यांचं बघून दोन-चार एकरांचे काजूवालेही विचारू लागलेत, लावायचं का? रोपं विकणारा ‘लावा’ म्हणणारच. तो भाव सांगतो ऑगस्ट २०२४ चा, किलोला २४० रुपयांच्या वरचा. २०१६ च्या सुरुवातीला हाच भाव शंभराच्या खाली होता, हे तो कशाला सांगेल? ते बोर्डाने सांगायला हवं.

भाव काही शेतकऱ्याच्या हातात नसतो. चीक काढणं असतं, आणि माझं गाऱ्हाणं तिथलंच आहे. डोळा भरलेलं रोप लावल्यावर सातेक वर्षांनी खोडाचा घेर ५० सेंटिमीटर झाला की चीक काढणं, म्हणजे टॅपिंग, सुरू होतं. उन्हं चढायच्या आत सालीचा जेमतेम दीड मिलिमीटरचा पापुद्रा तिरका तासायचा. सुरी आत लाकडाला टेकली की झाड जखमी होतं, नवी साल गाठीगाठींची येते आणि पुढे त्या जागी सुरी धड चालत नाही. सात वर्षं पोसलेलं झाड असं एका नवख्या हाताने नासतं. काजूच्या बिया वेचायला घरातलं पोरही चालतं, इथे नाही. टॅपर मिळत नाहीत म्हणून खुद्द केरळात कितीतरी बागा नुसत्या उभ्या आहेत, मग आमच्याकडे ते कुठून येणार?

त्यात आमचा पाऊस. केरळात तो दोन हंगामांत विभागून पडतो. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण चार महिन्यांत, आणि मग मेपर्यंत ठणठणाट. पावसाळ्यात खोडाला प्लास्टिकचा रेनगार्ड नसेल तर चिकाच्या वाटीत पाणीच. जानेवारीनंतर पानगळ, उन्हाळ्यात चीक आटतो. उरलेल्या मोजक्या महिन्यांत टॅपर हाताशी नसला, तर वर्ष गेलंच म्हणायचं. कोरड्या हवेत रबर कसं वागतं, याचा अभ्यास आपल्याच संशोधन केंद्राने उत्तर कोकणात दापचरीला केला आहे. तो मराठीत, साध्या चार पानांत आम्हाला द्या.

त्रिपुरात आपण आदिवासी कुटुंबांना हाताशी धरून रबर उभं केलंत. तेवढं मोठं काही मागत नाही. दोडामार्गात टॅपिंगची शाळा काढा, बायकांनाही त्यात घ्या. आणि केरळात आहेत तशा उत्पादक संघांपैकी एखादा इथे उभा राहू द्या, म्हणजे दहा किलो रबर शीट घेऊन व्यापाऱ्याच्या दारात ताटकळावं लागणार नाही.

आणखी एक. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडं तोडायला उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली. तरीही रान साफ करून रबर लावू पाहणारे आहेत. अशा बागेला बोर्डाच्या अनुदानाचा एक रुपयाही मिळू नये. जुन्या भरडावर, पडीक वरकशीवर लावणाऱ्याला जरूर द्या.

जूनच्या लावणीआधी निदान दापचरीची माहिती आणि शाळेच्या पहिल्या तुकडीची तारीख कळवावी.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातला एक काजू बागायतदार