कॉल जोडलेला, संवाद तुटलेला

दूरध्वनी सेवेचा दर्जा ठरवताना आपल्याकडे दीर्घकाळ एकच प्रश्न अग्रभागी राहिला : कॉल मध्येच तुटला का? मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेला भरपाईचा नियमही तुटलेल्या कॉलपुरताच होता. आता आवाज इंटरनेटवरून पॅकेटांच्या रूपाने प्रवास करतो. त्यामुळे न तुटलेला कॉलही निरर्थक ठरू शकतो.

बोलण्याचे साधारणतः २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे. पॅकेट पोहोचण्यास लागणारा वेळ म्हणजे विलंब आणि त्या वेळेतील चढउतार म्हणजे जिटर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शक शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषण सहसा सुरळीत चालते. प्रकाशतंतूतून दिल्ली-मुंबई अंतर कापण्यास जेमतेम दहा मिलिसेकंद लागतात. दोष अंतराचा नव्हे, वाटेत साचणाऱ्या रांगांचा असतो.

खरी फसगत सरासरीत आहे. समजा, १०० पैकी ९५ पॅकेटे ४० मिलिसेकंदांत आली आणि पाचांना ३४० लागले. सरासरी निघते ५५. कागदावर सेवा उत्तम. प्रत्यक्षात मात्र ग्राहकाच्या फोनने त्या पाचांची वाट पाहिली, तर दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. न पाहिल्यास शब्द गळतात. डॉक्टरने सांगितलेल्या मात्रेतील ‘नाही’ हा शब्द गळणे क्षुल्लक नव्हे.

अकबराच्या काळात तागाच्या दोरीने जमीन मोजली जाई. ओलसर हवेत दोरी आखडे, कोरडेपणी सैल पडे आणि त्याचा भुर्दंड कुणाला तरी बसे. म्हणून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंचे माप आले. मापनाचे साधन बदलणे हीच तेथे धोरणसुधारणा होती.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ऑगस्ट २०२४ च्या नियमांत विलंब आणि जिटर या निकषांचा समावेश आहे, हे स्वागतार्ह होय. पण दिल्लीच्या परवाना क्षेत्रात गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरिदाबादही येतात. एवढ्या विस्ताराचा एकच आकडा कार्यालयीन मनोरा आणि दाट वस्ती यांतील भेद झाकतो. शिवाय कंपनीच्या व्होल्टी कॉलला नेटवर्कमध्ये राखीव अग्रक्रम मिळतो. ॲपवरील कॉल सर्वसाधारण गर्दीतून जातो. एकाच्या चाचणीवरून दुसऱ्याची ग्वाही देता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक आहेत : सर्वाधिक वर्दळीच्या तासातील मोजणी, सरासरीसोबत सर्वांत उशिरा आलेल्या पाच टक्के पॅकेटांचा आकडा आणि वस्तीनिहाय प्रसिद्धी. एप्रिल २०२० पासून न्यायालयीन सुनावणी आणि ई-संजीवनीवरील रुग्णतपासणी याच वाटेने होऊ लागली. जेथे नागरिकाचे म्हणणे ऐकून घेणे हे राज्याचे कर्तव्य आहे, तेथे ते स्पष्ट ऐकू येते की नाही, हे मोजणे त्याच कर्तव्याचा भाग ठरते.