ओल्या भिंतीला रंग नको!

बालमित्रांनो,

‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. हळद प्यायली की लगेच आरशात बघायचं! आपलंही तसंच असतं. आंबे अढीत घातले की दुसऱ्याच दिवशी गवत वर करून बघायचं. पेपर संपला की निकाल कधी विचारायचं. म्हणून आज आपण वाट पाहण्याबद्दल बोलू या.

माझ्या वर्गात, चौथीत, एक मुलगी आहे. तिला विचारूनच हे लिहिते आहे. नाव मात्र सांगणार नाही. तिच्या आईबाबांनी एक बाळ दत्तक घ्यायचं ठरवलं. नाव नोंदवलं तेव्हा ती पहिलीत होती. बाळाला जागा हवी म्हणून घरावर एक खोली चढवायला काढली. ‘घर पाहावं बांधून’ म्हणतात ते काही खोटं नाही. आधी वाळू मिळेना, मग गवंडीकाका पेरणीसाठी गावी गेले, मग पाऊस! खोली अर्धी आणि बाळाचा पत्ता नाही. एकदा डबा खाताना ती म्हणाली, “बाई, आमच्या बाळाला आमचं घर सापडत नसेल का हो?”

अशा वेळी नुसतं ‘धीर धर’ म्हणून भागत नाही. उशीर का होतो, ते कळलं की धीर धरणं जरा सोपं जातं.

आधी खोलीचं बघू. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी तो कडक दिसतो. मग त्यावर पाणी का मारतात? सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्यातून बळकटी येते. पाणी लवकर उडालं तर ती क्रिया थांबते, तडे जातात. म्हणून निदान सात दिवस तरी स्लॅब ओला ठेवतात, आणि काँक्रीटची ताकद मोजतात ती २८ दिवसांनी. टेकू घाईने काढले तर स्लॅब वाकेल, कोसळेलसुद्धा. गिलाव्याचंही तेच. आधी त्याला पाणी मारायचं, मग तो पुरता सुकू द्यायचा. ओल्या भिंतीला रंग दिला तर पावसाळ्यात पोपडे निघालेच म्हणून समजा!

आता बाळाचं. आपल्या देशात दत्तक देण्याघेण्याचं काम केंद्र सरकारच्या ‘कारा’ या संस्थेच्या देखरेखीखाली चालतं. नाव नोंदवल्यावर समाजसेविका घरी येतात, सगळ्यांशी बोलतात. आमच्या या मुलीला भीती होती, अर्धी खोली बघून त्या ‘नापास’ म्हणतील की काय! पण त्या फरशी बघायला येत नाहीत. घरातली माणसं कशी आहेत, त्यांची तब्येत कशी, मूल सांभाळण्याइतकी मिळकत आहे का, हे बघतात.

मग रांग सुरू होते. ती लांब असते, कारण वाट पाहणारे आईबाबा पुष्कळ आणि कायद्याने दत्तक देता येतील अशी मुलं त्यामानाने थोडी. संस्थेत आलेलं प्रत्येक मूल लगेच दत्तक देता येत नाही. एखादं बाळ कुठे एकटं सापडलं, तर आधी त्याच्या आईवडिलांचा शोध घेतात, वर्तमानपत्रात माहिती छापतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिने, अशी मुदत २०१५ च्या कायद्यात आहे. आणि एखाद्या आईने अगदी नाइलाज होऊन आपलं बाळ संस्थेकडे सोपवलं, तर पुन्हा विचार करायला तिला दोन महिने मिळतात. तिचं मन बदललं तर बाळ तिच्याकडे परत जातं.

हे मी त्या मुलीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे आम्ही थांबतो, तेव्हा त्या आईला विचार करायला वेळ मिळतो?” मुलांनो, यापुढे मी काय सांगणार!

बाळ घरी आल्यावरही शेवटचा हुकूम यायचा असतो. पूर्वी तो न्यायालय देत असे. सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. शिवाय बाळ घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, ते सुखात आहे ना हे बघितलं जातं.

आता ती मुलगी रोज काय करते? सकाळ-संध्याकाळ नव्या भिंतींवर पाणी मारते. एका वहीत बाळासाठी गोष्टी उतरवून ठेवते. बाळ अजून आलेलं नाही. कधी येईल, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तिची वही रोज वाढते आहे. वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. आपल्या वाट्याचं काम रोज न चुकता करणं.

आईबाबांसाठी दोन शब्द : अशा घरी ‘कधी येणार बाळ?’ असं भेटेल तेव्हा विचारू नका. ‘दत्तक’ हा शब्द दबक्या आवाजात बोलू नका. मुलं आपल्याच तोंडून शिकतात. आणि आपल्या घरी असं बाळ येणार असेल, तर मोठ्या मुलाला खोटी तारीख देऊ नका. ‘आम्हालाही ठाऊक नाही, पण आपण मिळून थांबू’ हे उत्तर त्याला पेलतं.

करून पाहा : घरातल्या मोठ्या माणसाकडून सिमेंट-वाळूचे दोन लाडू करून घ्या (ओल्या सिमेंटला तुम्ही हात लावू नका, कातडी जळजळते). दुसऱ्या दिवसापासून एकावर सात दिवस पाणी मारून तो गोणपाटाखाली ठेवा, दुसरा उन्हात तसाच राहू द्या. आठव्या दिवशी दोन्ही खिळ्याने खरवडून बघा. कुठल्या लाडवाची भुकटी जास्त पडली, ते मला पत्राने कळवा.

तुमच्या,
बाई