बाहेर पडण्याआधी परतीची वाट विचारा

गेल्या महिन्यात कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारे एक पालक भेटले. म्हणाले, "साहेब, आता एका वर्षातच सर्टिफिकेट मिळतंय म्हणं. मग पोराला तीन वर्षं कशाला शिकवायचा?"

त्यांनी ऐकलेले खरे आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी सोय आहे. मिळवलेले क्रेडिट खात्यावर जमा राहतात. पण बाहेर पडलेला परत येतो का, हे कोणी सांगत नाही.

ही क्रेडिटची पद्धत मूळची अमेरिकेची. तिथे पदवी चार वर्षांची. कॉलेज बदलले तर जुने क्रेडिट मानायचे की नाही, हे नवे कॉलेज ठरवते. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली अंदाज काढला, की कॉलेज बदलणाऱ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. वाया गेले की पुन्हा फी आणि पुन्हा कर्ज!

युरोपने दुसरा मार्ग धरला. १९ जून १९९९ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात २९ देशांच्या मंत्र्यांनी सह्या केल्या. साधारण तीन वर्षांची पदवी, वर्षाला ६० क्रेडिट, आणि एका देशातला अभ्यास दुसऱ्या देशात धरला जावा, असे तिथे रुळले. तिथेही कुरकुर झालीच, जर्मनीत विद्यार्थी रस्त्यावर आले. पण त्याच जर्मनीतील राज्यांनी सरकारी विद्यापीठांची सरसकट फी २०१४ पर्यंत रद्द केली. अमेरिकेने शिकावे ते हे. आपणही. गंमत अशी, की युरोप तीन वर्षांवर आला आणि आपण तीनवरून चारकडे निघालो.

साताऱ्याच्या शाळेत १९०० साली नाव घातलेल्या बाबासाहेबांनाही १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट सोडावा लागला होता. पण चार वर्षांत परत येण्याची परवानगी त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे जमवले, १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

तेव्हा मुलाला मध्येच काढायची वेळ आलीच, तर आधी कॉलेजच्या ऑफिसात जा. क्रेडिट खात्यावर चढले का, परत प्रवेश किती वर्षांत मिळेल, शिष्यवृत्तीचे काय, हे विचारा आणि लेखी घ्या. आम्ही कारकून तोंडी बरेच काही सांगतो.

त्या पालकांना मी विचारले, "पोरगा काय म्हणतो?"

ते जरा थांबले. म्हणाले, "त्याला इचारलंच न्हाई."