नवऱ्याचे पुस्तक आणि बायकोचा मोबाईल

गेल्या रविवारी सकाळची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. तोच आमच्या विचुंब्यातील एक तरुण समोर आला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तो हमाली करतो. 'जयभीम दादा' म्हणून त्याने आम्हाला बाजूला घेतले आणि खिशातून एक मोबाईल काढून आमच्या हातात ठेवला.

"दादा, आमच्या हिचा आहे. काय काय वाचते ते तुम्हीच बघा. आता मोबाईल मी तिला देणार नाही आणि बचत गटही बंद. तुम्ही समाजाचे काम करता. तुम्हीच तिला दोन शब्द सांगा."

आम्ही चष्मा लावला आणि तिथेच उभ्या उभ्या वाचले. भागाभागाने लिहिलेली एक मराठी गोष्ट होती. नवीन लग्न झालेले जोडपे, त्यांचे रुसवे-फुगवे आणि मग अंथरुणातला प्रसंग. लपवाछपवी न करता लिहिलेला. या वयातही आमचे कान तापले, हे कबूल करतो. पण एका गोष्टीपुढे बचत गट बंद करण्याइतके काय झाले, ते आम्हाला कळेना. आम्ही त्याला विचारले, "तू कधी असले काही वाचले नाहीस? पाहिले नाहीस?"

तो हसला. म्हणाला, "आपले वेगळे असते दादा. आपण पुरुष."

वाचकहो, त्या हसण्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे. कारण तसे आम्हीही हसलेलो आहोत.

आमच्या तरुणपणी, म्हणजे १९९५ नंतरच्या त्या वर्षांत, 'पिवळी पुस्तके' नावाचा प्रकार होता. स्टँडवरच्या आणि स्टेशनवरच्या स्टॉलवर चांगली मासिके पुढे टांगलेली असत आणि ही पुस्तके मागे, वर्तमानपत्राखाली. 'हैदोस' हे नाव तर इतके झाले होते की त्या जातीच्या सगळ्याच पुस्तकांना पोरे तेच म्हणत. आम्ही कॉलेजात बी.कॉम.ला होतो. हिशेबशास्त्राच्या वहीत घालून ती पुस्तके आमच्यातही फिरली. चौघे-पाच जण जमून वाचायची, मोठ्याने हसायचे आणि एकमेकांना टाळ्या द्यायच्या. एकदा वडिलांच्या हाती सापडलो. दोन थपडा बसल्या. दुसऱ्या दिवशी विषय संपला. कॉलेज बंद कर, असे काही ते म्हणाले नाहीत.

त्याच वर्षी आमच्या बहिणीच्या उशाखाली लायब्ररीची एक कादंबरी सापडली. साधी प्रेमाचीच होती, चार पाने जरा मोकळी असतील. त्या दिवसापासून तिची लायब्ररी बंद झाली. लायब्ररीचे कार्ड फाडले गेले, तेव्हा आम्ही तिथेच उभे होतो. आमच्या वहीत काय आहे ते आम्हाला ठाऊक होते. तरीही आम्ही तोंड उघडले नाही. जमाखर्च लिहिण्यात आयुष्य गेले, पण ही बाकी अजून आमच्या नावावर उभी आहे.

म्हणजे प्रश्न पुस्तकाचा आहे की पुस्तक कुणाच्या हातात आहे याचा?

हा प्रश्न आपल्याच घरातला नाही. १९६० साली लंडनच्या कोर्टात डी. एच. लॉरेन्स यांच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला चालला. मोठ्या घरची विवाहित बाई आणि त्या इस्टेटीवरचा रखवालदार यांच्या संबंधांची ती कथा. पेंग्विन या प्रकाशनाने तिची स्वस्त आवृत्ती काढली होती. म्हणजे आता ती कामगारालाही परवडणार होती. सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारले की, हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा नोकराने वाचावे असे तुम्हाला वाटेल काय? ज्यूरीत नऊ पुरुष होते आणि तीन स्त्रिया होत्या. त्यांनी २ नोव्हेंबर १९६० रोजी प्रकाशनाला निर्दोष ठरवले.

बायको आणि नोकर! साहेबाने वाचले तर चालते, या दोघांनी वाचले तर समाज बुडतो. हा हिशेब आपल्या समाजाला नवा आहे काय? स्त्री आणि शूद्र यांना एका ओळीत बसवून ज्ञानापासून दूर ठेवणारी मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली. ते महाड आपल्याच जिल्ह्यातले. त्या घटनेचा वाढदिवस आपण दरवर्षी करतो. आणि घरी येऊन बायकोच्या हातातले वाचन काढून घ्यायचे असेल, तर मग तिथे काय जळले?

महाराष्ट्रातही असे खटले झाले. चंद्रकांत काकोडकर हे नाव आपल्या आई-मावशींना चांगले आठवत असेल. त्यांच्या कादंबऱ्या लायब्ररीत टिकत नसत, एकीच्या हातून दुसरीच्या हाती जात. 'दो रास्ते' हा १९६९ चा हिंदी चित्रपट त्यांच्याच 'नीलांबरी'वर निघाला. याच काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर खटला भरला गेला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवून २५ रुपये दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली सुटले. न्यायालयाने कथेची फार स्तुती केली असे नाही. कथा उच्च दर्जाची नसेल, तिला अभिरुचीही नसेल, पण ती संपूर्ण वाचली तर वाचणाऱ्याला बिघडवील असे तीत काही नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

त्याहून आपल्या जवळची हकिकत रघुनाथ धोंडो कर्वे यांची. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. स्त्री-पुरुष संबंध, संततिनियमन, गुप्तरोग या विषयांवर ते उघडपणे लिहीत. करमणुकीच्या गोष्टी आणि शास्त्रीय माहिती यांत फरक आहे, हे खरे. पण लोकांच्या डोळ्यांवर झापड बांधणारे दोन्हींना एकाच शब्दाने हाणतात. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर खटला झाला. तेव्हा त्यांचे वकीलपत्र कुणी घेतले? बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. अस्पृश्यांच्या लढ्याचे एवढे ओझे डोक्यावर असताना बाबासाहेबांनी हे काम अंगावर घेतले. या विषयावर बोलणे म्हणजे घाण, असे त्यांना वाटले नाही.

एवढे वाचून कुणी म्हणेल की लेखकाने सगळ्याच चावट पुस्तकांना पाठिंबा दिला. तसे नाही. आता दुसरी बाजू मांडतो.

आम्ही जी पिवळी पुस्तके वाचली, त्यांत बाई कोण असे? घरकामाची बाई. शेजारची वहिनी. दवाखान्यातली नर्स. शेतावरची मजूर. गोष्टीत मालक तिचा हात धरतो, ती 'नको नको' म्हणते आणि पुढच्याच पानावर तिला तेच हवे होते असे लिहिलेले असते. तेव्हा आम्ही हसलो. पण जरा थांबून विचार करा. नवीन पनवेलच्या बिल्डिंगांत सकाळी सात वाजता धुण्या-भांड्याला कोण जाते? आपल्या आया-बहिणी जातात. तिथला मालक किंवा त्याचा मुलगा हीच पुस्तके वाचून मोठा झालेला असेल, तर तो आपल्या बहिणीकडे कोणत्या नजरेने पाहील? आणि आपली पोरे तीच गोष्ट वाचून टाळ्या देत असतील, तर ती कुणावर हसत आहेत?

पुरुषांच्या वाचनातला हा दोष आम्हाला मोठा वाटतो. उघडे वर्णन असते म्हणून नव्हे. बाईचा नकार हा नकार नसतोच, असे ते पुस्तक शिकवते म्हणून. शिवाय पुरुष ते घोळक्यात वाचतो. घोळक्यात लाज वाटत नाही आणि शंकाही विचारता येत नाही. लग्न झाल्यावर तेच अर्धवट ज्ञान घेऊन तो बायकोपुढे उभा राहतो.

बाई एकटी वाचते, लपून वाचते. ती काय शोधते? अमेरिकेतील जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींना भेटून १९८४ साली एक पुस्तक लिहिले. त्या गृहिणींचे म्हणणे असे की दिवसभर सगळ्या घराचे आम्ही पाहतो, पुस्तक हातात असते तेवढाच वेळ आमचा. त्यांना बाईची काळजी घेणारा नायक आवडे. बाईवर जबरदस्ती करणारा आवडत नसे. पुढे २०११ साली 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' ही इंग्रजी कादंबरी आली. तिच्यात शृंगार फारच उघडा. त्या मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि वाचणाऱ्यांत स्त्रिया अधिक होत्या. यंत्राच्या पडद्यावर वाचताना मुखपृष्ठ कुणाला दिसत नाही, हीही सोय झाली.

पण तिथेही सगळे गोड नाही. त्या कादंबरीतला नायक कोट्यधीश आहे आणि बाईने काय खावे, काय ल्यावे यावरही हुकूम चालवतो. त्यावरून वाचणाऱ्या बायकांतच वाद झाले. काहींना ती केवळ करमणूक वाटली, काहींना गुलामीला प्रेमाचे नाव दिलेले वाटले. हा वाद चांगलाच आहे. बाई वाचते म्हणजे बिघडते असे नाही. ती वाचते, तोलते आणि नापसंतही करते. तेवढी अक्कल तिला आहे, हे आपण मान्य करायला हवे.

आता विचुंब्याकडे येतो. त्या वहिनी या विषयावर आमच्याशी बोलणार नाहीत, हे उघड होते. म्हणून आम्ही पत्नीला त्यांच्याकडे जायला सांगितले. सगळी हकिकत ऐकून पत्नीने पहिला प्रश्न आम्हालाच केला. "त्यांचा मोबाईल त्यांना न विचारता तुम्ही वाचलात कसा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. नवऱ्याने दिला आणि आम्ही वाचला. तो तिच्या मालकीचा आहे, हे आमच्या डोक्यातच आले नाही. समाजकार्याची वीस वर्षे त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे.

पत्नी संध्याकाळी जाऊन आली. वहिनींचे म्हणणे, त्यांच्याच परवानगीने, इथे देतो. "ताई, चार घरची कामे करून येते. रात्री सगळी झोपली की अर्धा तास वाचते. गोष्टीतला नवरा बायकोला विचारतो, आज दमलीस का, नको असेल तर राहू दे. तेवढे वाचायला बरे वाटते. मला कुणी कधी विचारले नाही."

हे आम्ही त्या तरुणाला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ती मला का नाही बोलली?" आम्ही म्हणालो, "तू विचारले होतेस का?" मोबाईल त्याने त्याच रात्री परत दिला. बचत गटही चालू आहे. दोघांचे आता कसे चालले आहे, ते आम्ही विचारले नाही. ते त्यांचे आहे. आम्ही वहिनींची माफी मागितली. त्यांनी मान खाली घालून 'असू द्या दादा' म्हटले, पण त्यांना वाईट वाटले होते हे दिसत होते.

वाचकहो, आमचे सांगणे थोडे आहे. आपल्या घरात एकच नियम ठेवा. जे मुलाला चालते ते मुलीला चालावे, आणि जे तिला चालत नाही ते त्यालाही चालू नये. लहान मुलांच्या हाती वाटेल ते पडू नये ही आई-बापाची जबाबदारी आहेच. पण त्यासाठी धपाटे पुरत नाहीत. वयात आलेल्या मुलाशी बापाने आणि मुलीशी आईने बोलले पाहिजे. पुस्तक असो की मोबाईलवरची गोष्ट, एक प्रश्न विचारायला शिकवा. यात बाईला कुणी विचारले का, आणि तिने नाही म्हटले तर ते ऐकले गेले का? पंचशीलातले तिसरे शील रोज म्हणताना हाच प्रश्न मनाशी धरता येईल.

आणि घरकामाला जाणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्यांनाही लागू आहे. मालकाचे घर हेही कामाचे ठिकाणच. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. गोष्टीतली कामवाली 'नको' म्हणते आणि लेखक ते खोटे ठरवतो. तुमचा 'नको' कायद्याने खरा आहे.

हे लिहिण्यापूर्वी आम्ही बहिणीला फोन केला. लायब्ररीच्या कार्डाची आठवण काढली. ती म्हणाली, "त्या कादंबरीचा शेवट मला अजून माहीत नाही." पुस्तकाचे नाव आम्ही विचारून ठेवले आहे. सापडले तर घेऊन तिच्याकडे जाणार आहोत.