खोलीचा हव्यास

नवं धातुशोधक यंत्र घेताना आपल्या छंदातला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो खोलीचा. 'किती खाली जातं?' उत्तरादाखल मिळणारा आकडा बहुधा हवेत मोजलेला असतो: कॉइल टेबलावर, नाणं हातात आणि मध्ये निव्वळ हवा. त्या आकड्यासाठी लोक हजारो रुपये जादा मोजतात. पावसाळा ओसरल्यावर पुळणीवर उतरायची तयारी करणाऱ्या वाचकांना म्हणूनच सांगावंसं वाटतं, की खोली ठरवते ती जमीन. यंत्राचा वाटा त्यात फार थोडा.

यामागचं गणित एकदा समजून घ्यावं. कॉइलमधून निघालेलं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने क्षीण होत जातं. त्याने नाण्यात जागं केलेलं क्षेत्र वर परतताना पुन्हा तसंच क्षीण होतं. कॉइलच्या व्यासाइतकं अंतर ओलांडलं की त्यापुढे खोली दुप्पट झाल्यावर सिग्नल जवळजवळ चौसष्टावा हिस्सा उरतो. उलट बाजूने पाहा: यंत्राची ताकद दुप्पट केली तरी खोली वाढते ती जेमतेम 12 टक्के, म्हणजे 20 सेंटिमीटरची साडेबावीसही होत नाही. आणि कॉइल जमिनीपासून चार बोटं वर धरून फिरवायची सवय असेल, तर त्याहून जास्त खोली प्रत्येक फेरीत फुकट जाते. महागडं यंत्र घेऊन हात उचलून फिरवणारे आपल्यात कमी नाहीत.

आता कोकणातल्या मालगुंडला या. ओहोटीला गायवाडीच्या पुळणीवर उतरा, कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक काळसर वाळूच्या पट्ट्यातून ओढत न्या आणि उचलून पाहा. कागदावर काळ्या कणांची दाट लव उभी राहिलेली दिसेल. चटकन चिकटतं ते मॅग्नेटाइट. त्याच्या सोबतीला इल्मेनाइट असतं. काळबादेवी, नेवरे, मालगुंड हा सगळा पट्टा इल्मेनाइटच्या वाळूसाठी भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आहे. दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन ही खनिजं ओढ्या-नद्यांतून समुद्रात येतात आणि लाटा त्यांना निवडून पुळणीवर थर घालतात. वर सड्यावर जावं तर तिथे जांभा, तोही लोहाने भरलेला. अशा जमिनीत यंत्राला आधी ऐकू येते ती जमीनच. त्यात ओल्या वाळूतलं खारं पाणी वीजवाहक, त्यामुळे भरतीच्या पट्ट्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं व्हीएलएफ यंत्र विनाकारण बडबडू लागतं. तिथे मल्टी-फ्रिक्वेन्सी किंवा पल्स इंडक्शन बरं. पल्स यंत्र खोल जातं खरं, पण लोखंड आणि सोनं यांत ते फारसा भेद करत नाही, आणि मग खिळ्यांसाठी हातभर खड्डे खणावे लागतात.

इथे बहुतेकजण करतात ती चूक म्हणजे सेन्सिटिव्हिटी शेवटच्या रेघेपर्यंत चढवणं. आंबा घाटातल्या दाट धुक्यात प्रखर दिवे लावले की समोर फक्त पांढरी भिंत दिसते, तसा हा प्रकार. सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली आणा, त्याच जागेवर ग्राउंड बॅलन्स करा, काळ्या पट्ट्यावरून पांढऱ्या वाळूवर आलात की पुन्हा करा आणि कॉइल सावकाश फिरवा. मोठ्या कॉइलचा मोहही आवरा. ती मोठी वस्तू खोलवर ओळखते, पण तिच्या पट्ट्यात टोपण, खिळा आणि जाळ्याचं शिसं एकाच वेळी येतं आणि त्यांच्या शेजारची अंगठी गप्प राहते. पर्यटक जिथे पाण्यात उतरतात तिथे हरवलेल्या वस्तू पहिल्या वीतभरातच असण्याची शक्यता जास्त. आपण त्यांच्यावरूनच कॉइल नेत असतो.

वीतभराखाली काय आहे, हा प्रश्न निराळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. भाताच्या खाचरात नांगराने उलथलेल्या थरातलं नाणं आपल्या मूळ जागेवरून केव्हाच हललेलं असतं. त्याखालचा थर हललेला नसतो. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13,250च्या आसपास नाणी होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. क्षहरातांचा पराभव कोणी केला याचा एवढा ठळक पुरावा मिळाला, तो साठा एकत्र तपासला गेला म्हणून. तीच नाणी सुटी होऊन सराफांकडे वितळली असती तर? इंग्लंडमध्ये हॉक्स्ने इथे 1992 मध्ये हरवलेला हातोडा शोधणाऱ्या माणसाला रोमन नाणी लागली. थोडी हाती येताच तो थांबला आणि त्याने कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी उरलेला साठा जागेवरच उकरल्यामुळे पेटीत काय कुठे ठेवलं होतं हेसुद्धा कळलं. त्या माणसाचं थांबणं हे या छंदातलं सर्वांत मोठं कौशल्य आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे असं कळवणं कायद्यानेही बंधनकारक आहे. 1878चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत दडलेली, 10 रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर शोधणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972चा पुरावशेष कायदाही लागतो. रायगड, सुवर्णदुर्ग अशा संरक्षित स्थळी तर यंत्र गाडीतून काढूच नये. गुप्तधनाच्या नावाने रात्री खणणाऱ्या टोळ्यांशी आपलं नाव जोडलं जातं ते अशाच आगाऊपणामुळे.

मालगुंडला आणखी एक खोली लक्षात ठेवायची आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी भरतीरेषेच्या वर साधारण दीड फुटाचा खड्डा करून अंडी घालते आणि ही पुळण त्यांच्या विणीची आहे. कासवमित्र पहाटे घरटी शोधून अंडी हॅचरीत हलवतात, पण एखादं नजरेतून सुटू शकतं. दीड फूट खणायच्या हौसेपायी शंभरावर अंडी फुटली तर त्याची भरपाई कुठल्याच नाण्याने होत नाही.

तेव्हा नोव्हेंबरपासून वीण संपेपर्यंत मालगुंडच्या पुळणीवर भरतीरेषेच्या वर खणू नका. खाली ओल्या वाळूत शोधा आणि खड्डा बुजवूनच पुढे सरका. वहीत प्रत्येक वस्तूपुढे खोली सेंटिमीटरमध्ये, वाळू काळी की पांढरी आणि तारीख लिहा. या मोसमाच्या अशा नोंदी आमच्याकडे पाठवा. सापडलेल्या वस्तूचा फोटो नसला तरी चालेल, खोलीचा आकडा मात्र खरा हवा.