थांबायचं कधी?

टेंभुर्णीत चहाच्या टपरीवर क्रिकेटचा विषय निघाला, की गाडी रोहित शर्मावर येतेच. 'आता बस झालं' आणि 'अजून दम आहे', असे दोन्ही गट तुमच्याच मित्रांमध्ये सापडतील.

गावसकरांनी १९८७ मध्ये बंगळुरूच्या अवघड खेळपट्टीवर शेवटच्या डावात ९६ धावा केल्या आणि कसोटी सोडली. सचिनचं शेवटचं कसोटी शतक जानेवारी २०११ चं. निवृत्ती मात्र नोव्हेंबर २०१३ मध्ये. रोहित फॉर्म नाही म्हणून जानेवारी २०२५ च्या सिडनी कसोटीत स्वतःहून बाहेर बसला, मे महिन्यात कसोटीतून निवृत्तही झाला. पण ऑक्टोबरमध्ये त्याच सिडनीत त्यानं वनडेत नाबाद १२१ ठोकले!

म्हणजे नुसतं वय बघून चालत नाही. विशीपासून खेळ हीच ओळख झाली, की तो सोडणं जडच जातं. पण संघात जागा अकराच. सीनियर रेंगाळला, तर बाहेर बसलेल्या पोराची उमेदीची वर्षं जातात. म्हणूनच निवड समितीनं वेळेवर, स्पष्ट बोलायला हवं.

आणि तुम्ही? ट्रोल करू नका, देवही बनवू नका. आपला हिरो नावावर खेळतोय की धावांवर, एवढं प्रामाणिकपणे बघा.